पावलांचा आवाज कुठल्या कप्प्यात?

‘अरे, तो आवाज आधी बंद कर बघू!’ हे वाक्य दिवसातून चारदा ऐकू येत नाही असं घर हल्ली शोधूनच काढावं लागेल. शाळेतून आलेला मुलगा असो, कॉलेजात जाणारी मुलगी असो, नाहीतर दुपारी जरा पाठ टेकवून मोबाइलवर रंगीत गोळ्या जुळवत बसलेल्या सासूबाई असोत, गेम म्हटला की आवाज आलाच. टिंग, धप्प, खळ्ळ, सूंऽऽ... आपल्याला तो नुसता कलकलाट वाटतो.

पण मैत्रिणींनो, त्यातला एकेक आवाज कुणीतरी बसून तयार केलेला असतो. त्याला नाव दिलेलं असतं आणि नेमका कुठं ठेवायचा हेही कुणीतरी ठरवलेलं असतं. यातलं ‘नीट ठेवण्याचं’ काम आता यंत्राकडून करून घ्यायला सुरुवात झाली आहे. ‘त्याचं आम्हाला काय?’ असं म्हणून पान उलटू नका. तुमच्या आमच्या गावातल्या मुली आता या कामासाठी पुण्या-मुंबईला, बंगळुरूला जातात. आणि दुसरं म्हणजे, या साऱ्या भानगडीतली खरी गोम अगदी आपल्या ओळखीची आहे. पत्ता बदलला, नाव बदललं की माणसाचं काय होतं, हे लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या बाईला वेगळं शिकवावं लागत नाही. तीच ही गोष्ट, फक्त आवाजांची!

टिंगपासून हजारांपर्यंत

गेममधल्या आवाजाची सुरुवात अगदी साधी होती. १९७२ साली अमेरिकेतल्या अटारी कंपनीचा ‘पाँग’ हा गेम आला. पडद्यावर दोन फळ्या आणि एक ठिपका, बस्स. मालकाला त्यात प्रेक्षकांचा जल्लोष हवा होता. पण तेवढे सुटे भागच नव्हते. मग अ‍ॅल अ‍ॅलकॉर्न या अभियंत्यानं यंत्रात आधीच असलेल्या विजेच्या लहरींतून टिंग-टुंग काढून दिलं आणि तेच जगभर गाजलं. १९७८ मध्ये जपानमधला ‘स्पेस इनव्हेडर्स’ आला. त्यात चारच सूर एकामागून एक वाजायचे. शत्रू जवळ येऊ लागले की तेच चार सूर भराभर वाजू लागत आणि खेळणाऱ्याच्या छातीत धडधड व्हायची.

या क्षेत्रात बायका पहिल्यापासून आहेत, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९८७ मध्ये जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘मेगा मॅन’ हा गेम आला. त्याचं संगीत मानामी मात्सुमाए यांचं. गेमच्या शेवटी जी नावं येतात त्यात मात्र त्यांचं नाव ‘चानचाकोरिन मानामी’ असं टोपणनाव होऊन आलं, कारण तेव्हा तिथल्या कंपन्यांत खरी नावं छापण्याची पद्धतच नव्हती. योको शिमोमुरा यांनी ओसाकाच्या संगीत महाविद्यालयातून पियानो शिकून १९८८ साली त्याच कंपनीत नोकरी धरली. १९९१ चा ‘स्ट्रीट फायटर टू’ त्यांच्या संगीतामुळे आजही लोकांच्या कानात आहे. गेमच्या संगीतासाठी ग्रॅमी पुरस्काराचा स्वतंत्र विभाग २०२३ मध्ये सुरू झाला. पहिला पुरस्कार स्टेफनी इकोनोमू या बाईंना मिळाला आणि २०२५ चा विनिफ्रेड फिलिप्स यांना.

पुरस्कार मिळतो तो संगीताला. पण संगीताच्या मागे जे हजारो बारीकसारीक आवाज असतात, त्यांचं काय? नुसतं ‘चालणं’ घ्या. गेममधली मुलगी दगडावर चालली तर वेगळा आवाज, चिखलात वेगळा, लाकडी फळीवर वेगळा, पाण्यात वेगळा. एकाच दगडावरसुद्धा प्रत्येक पाऊल तंतोतंत सारखं वाजलं तर कानाला लगेच खोटं वाटतं. म्हणून एकेका पावलाचे पाच-सहा तरी नमुने ठेवावे लागतात. चार प्रकारच्या जमिनी, प्रत्येकीचे सहा नमुने, आणि चालणं-धावणं-उडी असे तीन प्रकार धरले तर नुसत्या पावलांचेच बहात्तर तुकडे झाले! मग दारं, पाऊस, पक्षी, भांडी, तलवारी, माणसांच्या हाका... मोठ्या गेममध्ये हा पसारा हजारांच्या घरात जातो.

निरोप आणि स्वयंपाकघर

हा पसारा सांभाळायला खास सॉफ्टवेअर असतं. त्यातली दोन नावं जगभर चालतात. एक ‘वाइज’, कॅनडातल्या माँट्रियलच्या ऑडिओकायनेटिक कंपनीचं. दुसरं ‘एफमॉड’, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या फायरलाइट टेक्नॉलॉजीजचं. दोन्हींत एक शब्द सारखा येतो, ‘इव्हेंट’. त्याला आपण ‘निरोप’ म्हणू.

पाहुणे आले की आपण बैठकीतून आत निरोप धाडतो, ‘चार चहा टाक गं!’ दूध किती, आलं घालायचं की वेलची, कप कुठले काढायचे, हे काही बाहेरून सांगत बसत नाही. ते आतली बघते. गेमचंही असंच असतं. गेमचा प्रोग्रॅम लिहिणारा फक्त निरोप देतो, ‘दगडावर पाऊल पडलं.’ सहा नमुन्यांतला कुठला वाजवायचा, किती मोठ्यानं, गुहेत असेल तर घुमवायचा की नाही, हे सगळं त्या निरोपाच्या आत आवाजवाल्यांनी आधीच लावून ठेवलेलं असतं. या व्यवस्थेमुळे प्रोग्रॅमला हात न लावता आवाज बदलता येतो.

हे निरोप फोल्डरमध्ये, म्हणजे कप्प्यांत ठेवतात. पावलं एका कप्प्यात, दारं एका कप्प्यात, हवामान एका कप्प्यात. पहिल्या महिन्यात सारं कसं आरशासारखं लख्ख असतं. मग घाई सुरू होते. तीन जणी काम करतात, तिघींची नावं ठेवायची तऱ्हा वेगळी. एक लिहिते ‘दार उघडणं’, दुसरी ‘उघडं दार’, तिसरी नुसतंच ‘दार २ नवीन’. पुढं ‘दार फायनल’ येतं, आणि त्याच्याही पुढं ‘दार फायनल खरंच’! वर्षभरानं एक आवाज बदलायचा म्हटलं तर अर्धा दिवस तो शोधण्यातच जातो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माळा उघडल्यावर आपली जी गत होते, तीच!

एजंट आला, पण विम्याचा नव्हे

आता इथं ‘एजंट’ येतो. एजंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं विमा उतरवणारा नाहीतर आरटीओबाहेर उभा असलेला माणूस येतो. हा त्यातला नाही. चॅटजीपीटीसारख्या एआयला आपण प्रश्न विचारतो आणि ते उत्तर लिहून देतं, इतपत आता बऱ्याच जणींना माहीत आहे. एजंट त्याच्या पुढची पायरी. तो नुसतं उत्तर देऊन थांबत नाही. आपण परवानगी दिली की दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शिरून तो प्रत्यक्ष काम करतो.

त्यासाठी त्या सॉफ्टवेअरला दार असावं लागतं. ‘वाइज’नं असं दार २०१७ मध्ये ठेवलं, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमला आतली यादी वाचता यावी, कप्पे करता यावेत, वस्तू हलवता याव्यात अशी सोय केली. ‘एफमॉड’मध्येही छोट्या सूचना लिहून तीच कामं करून घेता येतात. पण या सूचना लिहायला प्रोग्रॅमिंग यायला हवं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची एक सर्वांना खुली पद्धत जाहीर झाली. एआयनं दुसऱ्या सॉफ्टवेअरशी कसं बोलायचं, याचे ते ठरलेले नियम. तेव्हापासून साध्या भाषेत सांगून काम करून घेणं पुष्कळ सोपं झालं.

समजा, तुमची भाची पुण्यातल्या एखाद्या छोट्या गेम स्टुडिओत लागली आहे. (पुण्यात असे स्टुडिओ आहेत बरं का. २०२० मध्ये आलेला ‘राजी’ हा राजी नावाच्याच मुलीचा गेम पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा.) आठशे निरोप एकाच ढिगात पडले आहेत. ती एजंटला लिहून सांगते, ‘पावलांचे सगळे निरोप एका कप्प्यात घे, आत जमिनीप्रमाणे चार कप्पे कर, दारं वेगळी, हवामान वेगळं.’ एजंट आधी सगळी यादी वाचतो, कप्पे बनवतो आणि एकेक निरोप उचलून तिथं ठेवतो. हातानं दोन दिवस लागले असते ते काम चहा निवायच्या आत होतं. ‘हात फिरे तिथे लक्ष्मी वसे’ म्हणतात. इथं हात न फिरवताच लक्ष्मी आली की काय, असं वाटावं!

बिस्किटाच्या डब्यात सुई-दोरा

इथंच जरा थांबायला हवं. आपल्या प्रत्येकीच्या घरी बिस्किटांचा एक पत्र्याचा जुना डबा असतो. वर बिस्किटांचं चित्र, आत सुया, दोऱ्याची रिळं, तुटकी बटणं. घरातल्या माणसाला ते माहीत असतं. पण नव्या कामवाल्या मुलीला ‘खाण्याचे डबे एकीकडे लाव’ म्हणून सांगितलं तर ती हा डबा बिनदिक्कत खाऊच्या फळीवर ठेवून देईल. तिची काय चूक? तिनं डब्यावरचं वाचलं.

हा एजंटही बहुतेक वेळा वरचं नाव वाचूनच कप्पा ठरवतो. आवाज ऐकून नव्हे. आणि गेमवाल्यांची नावं म्हणजे ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’! इंग्रजीतला ‘बार्क’ हा शब्द घ्या. बार्क म्हणजे कुत्र्याचं भुंकणं. पण या धंद्यात गेममधली माणसं येता-जाता जी छोटी वाक्यं ओरडतात, ‘कोण आहे तिकडं?’, ‘पळा!’, त्यांनाही ‘बार्क’ म्हणतात. एजंटला कुणी हे सांगितलं नाही तर पहारेकऱ्याच्या आरोळ्या तो प्राण्यांच्या कप्प्यात नेऊन घालण्याची धास्ती असते. ‘रॉक’ म्हणजे दगड की रॉक संगीत? ‘स्टेप’ म्हणजे पाऊल की पायरी? ‘बॅट’ म्हणजे चेंडूफळीची की वटवाघूळ? नुसत्या नावावरून नाही सांगता येत. तो आवाज वाजवून ऐकावा लागतो, नाहीतर त्या गेममध्ये काय चाललंय ते ठाऊक असावं लागतं.

चुकीच्या कप्प्यात गेलेला आवाज निदान सापडतो तरी. खरा घोटाळा पुढंच आहे.

सासरचा पत्ता, नवं नाव

गेम आपला निरोप ओळखतो कसा? याची दोन सॉफ्टवेअरची दोन तऱ्हा आहेत आणि त्या आपल्याला पटकन कळतील.

‘एफमॉड’मध्ये निरोपाला पत्ता असतो. कुठल्या कप्प्यातला, त्यातल्या कुठल्या आतल्या कप्प्यातला, आणि शेवटी नाव. शिवाय एक न बदलणारा लांबलचक क्रमांकही असतो, आपल्या आधार क्रमांकासारखा. गेमच्या प्रोग्रॅममध्ये हाक क्रमांकानं मारली असेल तर निरोप कुठल्याही कप्प्यात हलवा, काही बिघडत नाही. पण पत्त्यानं हाक मारली असेल, तर कप्पा बदलला की पत्ता बदलला. गेम जुन्या पत्त्यावर जाऊन दार वाजवतो, पण त्या नावाचं तिथं कुणीच नसतं.

‘वाइज’ची तऱ्हा उलटी. तिथं निरोपाचा क्रमांक त्याच्या नावावरूनच तयार होतो. घर बदललं तरी क्रमांक तोच. पण नावात एक अक्षर बदललं की क्रमांक नवा. म्हणजे एजंटनं कप्पे लावता लावता, ‘ही नावं फार गबाळी दिसताहेत, जरा नीट करतो’ म्हणून आपल्या मनानं नावं बदलली, तर गेमच्या लेखी ते जुने निरोप नाहीसेच झाले.

लग्नानंतर रेशनकार्डावर एक नाव, बँकेत दुसरं आणि दहावीच्या दाखल्यावर तिसरं, अशी ज्यांची ओढाताण झाली आहे त्यांना हे लगेच उमगेल. बाई तीच असते, कुठं गेलेली नसते. पण कागद म्हणतो, ही ती नव्हेच!

आणखी एक बारकावा. शेवटी हे निरोप गेमबरोबर पाठवायला पेट्यांत भरतात. त्या पेटीला या धंद्यात ‘बँक’ म्हणतात. कुणी आधी सांगून ठेवलेलं असेल की ‘हा अख्खा कप्पा या पेटीत भर’, तर त्या कप्प्यातून बाहेर काढलेला निरोप पेटीत जातच नाही. कप्पे अगदी देखणे लागलेले असतात आणि पेटी मात्र अर्धी रिकामी.

शांतता ऐकू येत नाही

प्रोग्रॅममध्ये मोठी चूक झाली की गेम बंद पडतो, आरडाओरडा होतो, कुणीतरी धावतं. आवाज हरवला तर बहुधा तसं काही होत नाही. गेम चालूच राहतो. फक्त एक दार उघडताना वाजत नाही, मागून येणाऱ्या शत्रूचं पाऊल ऐकू येत नाही. ‘आवाज नाही’ हे कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण आलेला आवाज कानाला टोचतो, न आलेला टोचत नाही.

मग बिघडलं कुठं, म्हणाल. २०२० मध्ये आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या गेमचं उदाहरण बघा. त्यात अपंग खेळाडूंसाठी साठाहून जास्त सोयी दिल्या होत्या. पूर्णपणे अंध असलेल्या माणसालाही तो खेळता यावा म्हणून इथं वाका, इथं उडी मारा, इथं वस्तू आहे, अशा प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा आवाज ठेवला. कुठल्या आवाजाचा अर्थ काय, याची वाजवून बघता येईल अशी यादीही दिली. अंध माणसानं तो गेम शेवटपर्यंत खेळावा, ही केवढी मोठी गोष्ट!

आता विचार करा. डोळसाच्या दृष्टीनं एक आवाज हरवला, तर थोडी मजा गेली. पण जो कानांनीच वाट शोधतो त्याच्या दृष्टीनं ते दारच नाहीसं झालं. म्हणून कप्पे लावण्याचं काम ‘नुसतंच आवरणं’ नसतं. कुठला आवाज कशासाठी आहे आणि कुणाला त्याची गरज आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाची नजर त्यावर लागतेच.

एजंटला कामाला कसं लावायचं?

म्हणजे एजंट वापरूच नये का? तसं अजिबात नाही. मिक्सर आला म्हणून पाट्या-वरवंट्यापाशी कुणी अडून बसलं नाही. पण मिक्सर चालू असताना झाकण उघडू नये, हे आपण शिकलोच ना? तसंच इथंही काही पथ्यं पाळावी लागतात. तुमच्या घरातली मुलगी हे काम करत असेल, किंवा उद्या करणार असेल, तर तिला हा भाग जरूर वाचून दाखवा. खरं तर ऑफिसातल्या फायली, घरचे फोटो, बचत गटाचे कागद, काहीही एआयकडून लावून घेताना हीच पथ्यं उपयोगी पडतात.

पहिलं, काम सुरू करण्याआधी सगळ्याची एक प्रत बाजूला ठेवायची. काही बिनसलं तर मागं फिरायला वाट हवी.

दुसरं, एजंटला आधी फक्त वाचू द्यायचं. ‘काय काय आहे त्याची यादी दे, कशालाही हात लावू नकोस,’ असं स्पष्ट सांगायचं.

तिसरं, नियम आपण लिहायचे. कुठले कप्पे, त्यांची नावं काय, या धंद्यातल्या कुठल्या शब्दाचा अर्थ काय. ‘बार्क म्हणजे माणसांच्या आरोळ्या, कुत्री नव्हेत,’ हे एक वाक्य लिहून ठेवलं तर पुढचा अर्ध्या दिवसाचा घोळ वाचतो.

चौथं, हलवण्याआधी कच्चा तक्ता मागायचा. निरोपाचं नाव, आत्ता कुठं आहे, कुठं नेणार, का नेणार. हा तक्ता माणसानं ओळन् ओळ वाचायचा. जे एजंटला नक्की कळलं नाही ते ‘विचारून घ्या’ अशा वेगळ्या कप्प्यात टाकायला सांगायचं. ठोकून देऊ द्यायचं नाही.

पाचवं, नाव बदलायची आणि पुसून टाकायची परवानगी द्यायचीच नाही. हलवायची तेवढीच द्यायची. आणि हलवण्याआधी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला विचारायचं, ‘तुम्ही पत्त्यानं हाक मारता की क्रमांकानं?’ हा एक प्रश्न न विचारल्यामुळे होणारं नुकसान सगळ्यात मोठं असतं.

सहावं, एकदम आठशे हलवायचे नाहीत. आधी दहा-वीस हलवायचे, पेट्या पुन्हा भरायच्या, आणि गेम चालू करून कानानं ऐकायचं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तेच. मग पुढचे.

मग शिकायचं कुठं?

आता जरा अवघड गोष्ट बोलू. आवाज लावण्याचं, नावं देण्याचं काम या क्षेत्रात बहुतेक वेळा नव्यानं आलेल्या मुला-मुलींकडे असतं. वरिष्ठांना ते कंटाळवाणं वाटतं. पण हजार आवाज एकेक करून ऐकताना, हा कुठं जाईल, तो कुठं जाईल असं ठरवतानाच कान तयार होतो. गाणं शिकणारी मुलगी वर्षानुवर्षं तंबोऱ्यामागं बसते ती काय उगाच? ते कामच यंत्राकडे गेलं तर नव्या मुलीनं शिकायचं कधी आणि तिला नोकरीत घेणार कोण, हा प्रश्न खरा आहे. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभरातल्या गेम कंपन्यांनी हजारो माणसं कमी केली. अमेरिकेतल्या गेमना आवाज देणाऱ्या कलाकारांनी जुलै २०२४ पासून जवळजवळ वर्षभर संप केला, तो मुख्यतः एआयपासून संरक्षण मिळावं म्हणूनच. जुलै २०२५ मध्ये त्यांनी नव्या कराराला मंजुरी दिली, तेव्हा तो वाद मिटला. म्हणजे ही भीती मनातलीच आहे, असं म्हणून तिच्यावर पांघरूण घालता येणार नाही.

‘बायकांना आवराआवर उपजतच जमते, तेव्हा हे काम त्यांचंच,’ असं म्हणणाऱ्यांपासूनही जरा जपून राहायला हवं. घर आवरता येतं म्हणून कुणाला गेमचा आवाज लावता येत नाही. त्यासाठी शिकावं लागतं. आणि घरातल्या आवराआवरीला जसा कुणी मोबदला देत नाही, नाव देत नाही, तशीच गत स्टुडिओतही व्हायला वेळ लागत नाही. ‘ती फोल्डर लावते’ एवढ्या तीन शब्दांत मुलीचं वर्षभराचं काम गुंडाळलं जातं. एजंट आल्यावर तर ‘ते काय, मशीनच करतं’ म्हणायला सगळे मोकळे!

म्हणून या कामाला लागलेल्या मुलीनं एक करावं. नियमांचं जे टिपण आपण लिहिलं, त्यावर आपलं नाव आणि तारीख घालावी. तक्ता कुणी तपासला, किती चुका पकडल्या, याची नोंद ठेवावी. पगारवाढीचं बोलताना ही वही समोर ठेवता येते. हलवाहलव यंत्रानं केली असेल, पण कुठलं कुठं जायचं हे ठरवलं तिनं. मात्सुमाए बाईंना टोपणनावानं छापलं गेलं, तो काळ आता मागं पडला आहे. गेमच्या शेवटी नावं येतात त्यात आपलं नाव आहे की नाही, हे विचारायला लाजू नये.

आणि जिला अजून सुरुवातच करायची आहे तिनं काय करावं? मोठ्या शहरात जाण्याआधी पुष्कळ काही गावात राहून करता येतं. ‘वाइज’ आणि ‘एफमॉड’ ही दोन्ही सॉफ्टवेअर शिकण्यासाठी विनामूल्य उतरवून घेता येतात. ‘वाइज’चा पहिला अभ्यासक्रम कंपनीनं फुकट ठेवला आहे. आवाज कापायला-जोडायला ‘ऑडॅसिटी’ फुकट मिळतं. संगणक मात्र लागतो, मोबाइलवर हे काम होत नाही, आणि सगळं इंग्रजीत असतं, हेही आधी सांगून ठेवलेलं बरं. सरावासाठी आवाज टिपायला मोबाइलचा रेकॉर्डर चालतो.

काय टिपावं? विहिरीवरच्या रहाटाची करकर, पत्र्यावरचा पहिला पाऊस, एसटी स्टँडवरची घोषणा, शेणानं सारवलेल्या अंगणातलं अनवाणी पाऊल, फरशीवरच्या जोडव्यांची टकटक. असे पन्नास आवाज टिपावेत. प्रत्येकाला असं नाव द्यावं की सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी वाचलं तरी आत काय आहे ते न वाजवता कळावं. मग आपले आपण कप्पे करावेत. एकदा जागेप्रमाणे, एकदा वस्तूप्रमाणे, एकदा भावनेप्रमाणे. तीनदा लावून बघितलं की कळतं, एकच पाऊल तीन कप्प्यांत बसतं आणि कुठला कप्पा बरोबर हे गेमच्या गोष्टीवर ठरतं. एवढं झालं की मग हवं तर एआयला तीच यादी द्यावी आणि त्यानं लावलेले कप्पे आपल्या कप्प्यांशी ताडून बघावेत. कुठं चुकलं ते हुडकून काढण्यात जो आनंद आहे तो काही औरच!

तुमची लेक किंवा भाची दिवाळीला घरी आली आणि ‘काय काम करतेस गं?’ असं विचारल्यावर ‘काही नाही, फोल्डर लावते’ म्हणाली, तर तिथंच सोडू नका. फराळाची ताटली पुढं सरकवा आणि विचारा, ‘अनवाणी पावलाचा आवाज कुठल्या कप्प्यात घातलास? आणि तिथंच का?’ मग बघा कशी घडाघडा बोलायला लागते ते!